कोलेस्टेरॉलची गोळी आणि पायांतल्या मुंग्या

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यानंतर पायांना मुंग्या येऊ लागल्या, तळपायांची आग होऊ लागली, तर दोष गोळीचा असतो का? हृदयविकार किंवा मधुमेह असलेले रुग्ण हा प्रश्न वारंवार विचारतात. काही जण विचारतही नाहीत. गोळी परस्पर बंद करून मोकळे होतात. थोडक्यात उत्तर असे: या औषधाने मज्जातंतूंना त्रास होणे अशक्य नाही, पण ते फार क्वचित घडते. मुंग्यांचे खरे कारण बहुतेक वेळा दुसरेच निघते आणि त्यावर अनेकदा उपचारही असतो. असे का म्हणता येते, ते समजण्यासाठी आधी औषधाचे काम, मग मज्जातंतूंची रचना आणि त्यानंतर आजवरचे पुरावे पाहावे लागतात.

१. गोळी नेमके काय करते?

रक्तातले सगळे कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही. त्याचा बराच मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींची तपासणी केली. एखादी बुरशी कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य बनवते का, हे ते शोधत होते. १९७३ साली त्यांना असे द्रव्य सापडले. त्याच घराण्यातल्या, म्हणजे स्टॅटिन नावाच्या औषधांतल्या, लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली आणि ते बाजारात आलेले पहिले स्टॅटिन ठरले. आज भारतात प्रामुख्याने अटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही दोन औषधे लिहून दिली जातात.

कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत अगदी सुरुवातीला एक विकर लागते. त्याचे नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. स्टॅटिन या विकराला अडवते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागते, म्हणून ते रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला लोक ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते, अधिक प्रमाणात ओढून घेते. रक्तातली पातळी उतरते ती या ओढून घेण्यामुळे. पेशी एलडीएल कसे ओढून घेतात, हे दाखवणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र या साखळीतून फक्त कोलेस्टेरॉल तयार होत नाही. विहिरीवरून निघालेला एकच पाट पुढे फुटून तीन-चार वाफ्यांना पाणी देतो. पाटाच्या तोंडाशीच पाणी अडवले, तर ज्या वाफ्याचे पाणी कमी करायचे होते त्याच्याबरोबर इतर वाफ्यांचेही थोडे घटते. स्टॅटिन तसेच तोंडाशी अडवते. पेशींच्या ऊर्जानिर्मितीत मदत करणारे कोएन्झाइम क्यू-१० आणि काही प्रथिनांना पेशीच्या आवरणापाशी बसवणारी छोटी संयुगे याच साखळीत पुढे तयार होतात. स्टॅटिनच्या दुष्परिणामांविषयीचे बरेचसे तर्क इथून सुरू होतात.

२. मज्जातंतूंना कोलेस्टेरॉल कशाला लागते?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याबाहेर हातापायांत पसरलेल्या तंतूंना परिघीय मज्जातंतू म्हणतात. स्पर्श, वेदना, उष्णता यांचे संदेश आत नेणे आणि हालचालीचे आदेश स्नायूंपर्यंत पोचवणे हे त्यांचे काम. यांतल्या पुष्कळ तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने जातो. मायलिन कोलेस्टेरॉलने समृद्ध असते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण शरीरातले जवळपास पाव कोलेस्टेरॉल मेंदूत असते, ते मुख्यतः या आवरणामुळे.

यावरून भीती वाटणे साहजिक आहे: रक्तातले कोलेस्टेरॉल उतरवले तर नसांचे आवरण झिजेल की काय? इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मेंदू आपले कोलेस्टेरॉल रक्तातून घेत नाही; तो ते स्वतः बनवतो. परिघीय मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशीही मुख्यतः स्वतः तयार केलेल्या कोलेस्टेरॉलवरच अवलंबून असतात. तेव्हा रक्ताच्या अहवालात एलडीएल १६० वरून ७० वर आले, म्हणून नसांचे आवरण तेवढ्या प्रमाणात कमी झाले असा हिशेब होत नाही. औषधाचा थोडा अंश मज्जातंतूंपर्यंत पोचून तिथली निर्मिती किंवा ऊर्जा कमी करत असेल, ही शक्यता मात्र उरते. ती तर्काला धरून आहे, पण माणसांत पुराव्याने सिद्ध झालेली नाही.

आणखी एक बाब पुढे उपयोगी पडेल. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू शरीरात सर्वांत लांब असतात. कमरेपासून बोटांपर्यंत सुमारे एक मीटर. कोणत्याही कारणाने मज्जातंतूंवर सार्वत्रिक ताण आला, तर आधी त्यांची टोके कमजोर होतात. म्हणून मुंग्या दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतात, मोज्यासारख्या वर चढतात आणि बऱ्याच काळाने हातांच्या बोटांत येतात.

३. दुखणे स्नायूंचे की मज्जातंतूंचे?

स्टॅटिन घेणाऱ्यांची सर्वांत परिचित तक्रार स्नायूंची असते, मज्जातंतूंची नव्हे. सांगताना दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून फरक ओळखावा.

स्नायूंच्या त्रासात मांड्या, खांदे, पाठ, पोटऱ्या दोन्ही बाजूंना ठसठसतात, जिना चढताना किंवा खालून उठताना जोर कमी पडतो, पोटरीत गोळे येतात. स्पर्शाची जाणीव शाबूत असते. रक्तातील सीके या घटकाची तपासणी केल्यास स्नायूंना इजा झाली आहे का, ते कळते.

मज्जातंतूंच्या त्रासात मुंग्या, झिणझिण्या, बधिरपणा, तळपायाची आग, सुई टोचल्यासारखे वाटणे किंवा चमक मारणे ही लक्षणे असतात. रात्री ती वाढतात. जमिनीवर चालताना कापसावर चालल्यासारखे वाटते. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, डोळे मिटून उभे राहिल्यास तोल जातो.

एकाच पायात कमरेपासून खाली उतरणारी कळ बहुधा कण्यातील दबलेल्या नसेची असते. रात्री फक्त हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. या दोन्हींचा संबंध कोलेस्टेरॉलच्या गोळीशी जोडायचे कारण नाही.

४. संशय आला कुठून आणि पुढे काय झाले?

१९९० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत काही तुरळक रुग्णांच्या नोंदी आल्या: स्टॅटिन सुरू केले, पायांत बधिरपणा आला, औषध थांबवल्यावर तो कमी झाला. अशा नोंदी सावध करतात, पण किती जणांना असे होते ते सांगत नाहीत.

२००२ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी कोणतेही कारण न सापडलेल्या मज्जातंतुविकाराचे १६६ रुग्ण घेतले आणि त्यांची तुलना त्याच भागातल्या इतर लोकांशी केली. रुग्णांमध्ये स्टॅटिन घेतलेल्यांचे प्रमाण जवळपास पावणेचारपट आढळले. निदान पक्के असलेल्या रुग्णांत ते आणखी जास्त होते. या निष्कर्षाने जगभर खळबळ उडाली. मात्र रुग्णांमध्ये प्रत्यक्ष स्टॅटिन घेणाऱ्यांची संख्या फार लहान होती, आणि लहान संख्येवर काढलेले पटींचे आकडे सहज वरखाली होतात.

त्याच देशात २०१७ साली हा प्रश्न पुन्हा तपासला गेला. या वेळी १९९९ ते २०१३ या काळातले ३७० रुग्ण आणि त्यांच्या वीसपट निरोगी व्यक्ती तुलनेला घेतल्या. स्टॅटिन आणि मज्जातंतुविकार यांच्यात लक्षणीय संबंध आढळला नाही. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांतही नाही. मधुमेहींच्या एका मोठ्या डॅनिश पाहणीत तर, मधुमेहाचे निदान होण्याआधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये पुढे मज्जातंतुविकार कमीच दिसला. एवढ्यावरून स्टॅटिन नसांचे रक्षण करते असे म्हणता येत नाही, पण ते सर्रास नसा बिघडवते हा दावाही टिकत नाही.

‘पट’ आणि ‘प्रत्यक्ष संख्या’ यांतला फरक एका उदाहरणाने स्पष्ट होतो. २००६ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. संबंध खरा मानला, तर एक लाख लोकांनी एक वर्ष स्टॅटिन घेतल्यावर मज्जातंतुविकाराचे सुमारे १२ जादा रुग्ण आढळतील, असा अंदाज त्यात होता. आता आधीच हृदयविकार असलेले १०,००० रुग्ण पाच वर्षे औषध घेतात असे धरू. १०,००० गुणिले ५ म्हणजे ५०,००० वर्षे. लाखाला १२, म्हणजे पन्नास हजारांना ६. दहा हजारांत पाच वर्षांत सहा जण, तेही संशय खरा धरला तर. याच दहा हजारांचे एलडीएल सुमारे ७७ मिलिग्रॅमने उतरवले, तर पाच वर्षांत साधारण १,००० जणांचा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर प्रसंग टळतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे, ते असे मांडल्यावर दिसते.

५. मग मुंग्या कशाने येतात?

कोलेस्टेरॉलची गोळी ज्या वयात आणि ज्या आजारांत सुरू होते, त्याच वयात आणि त्याच आजारांत मज्जातंतूही कमजोर होतात. दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात, म्हणून एकीचे खापर दुसरीवर फुटते.

पहिले कारण मधुमेह. चाळिशीनंतरच्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिन दिले जाते आणि मधुमेह हेच परिघीय मज्जातंतुविकाराचे सर्वांत मोठे कारण आहे. साखर किंचित वाढलेल्या, पण अजून मधुमेही न ठरलेल्या व्यक्तींनाही मुंग्या येऊ शकतात. इथे आणखी एक धागा आहे: स्टॅटिनमुळे काही जणांची साखर थोडी वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावली. म्हणून गोळी सुरू असताना साखर तपासत राहणे शहाणपणाचे.

दुसरे कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. आपल्याकडे ती फार मोठ्या प्रमाणावर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्ट्या आणि मध्यमवर्गीय वस्त्यांमधले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांत ब-१२ कमी आढळले. शाकाहार हे त्याचे मुख्य कारण. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी आणि वर्षानुवर्षे घेतलेली पित्ताची गोळी यांमुळे ब-१२ चे शोषण आणखी घटते. मेटफॉर्मिन, पित्ताची गोळी आणि स्टॅटिन अशा तिन्ही गोळ्या एकत्र घेणाऱ्या रुग्णाने मुंग्यांचा दोष तिसरीला देण्यापूर्वी पहिल्या दोघींचा विचार करावा.

तिसरे कारण थायरॉइडचे कमी काम. यात कोलेस्टेरॉल वाढते, स्नायू दुखतात आणि मुंग्याही येतात. थायरॉइडची तपासणी न करताच कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, तर मूळ आजार तसाच राहतो, लक्षणे वाढतात आणि बोल लागतो तो गोळीला. शिवाय थायरॉइड कमी असताना स्टॅटिनचा स्नायूंवरचा दुष्परिणाम होण्याची शक्यताही वाढते. गोळीआधी ही एक साधी तपासणी केली, तर पुढचा बराच घोळ टळतो.

याखेरीज दीर्घकाळचे मद्यपान, मूत्रपिंडाचा विकार, क्षयावरचे आयसोनियाझिड, काही केमोथेरपी औषधे आणि कुष्ठरोग हीही कारणे आहेत. त्वचेवर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी टाळू नये. तो औषधांनी पूर्ण बरा होतो.

६. स्मरणशक्ती आणि पापण्या

मज्जासंस्थेशी निगडित आणखी दोन शंका ऐकू येतात. पहिली विस्मरणाची. काही रुग्णांनी स्टॅटिन घेताना गोंधळल्यासारखे वाटणे, आठवण न राहणे अशा तक्रारी केल्या आणि अमेरिकी प्रशासनाने २०१२ च्या सूचनेत त्यांची नोंद घेतली. हा त्रास गंभीर नसतो आणि औषध थांबवल्यावर जातो, असेही त्यातच म्हटले आहे. ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ व्यक्तींवर झालेल्या प्रॉस्पर चाचणीत प्राव्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या बुद्धीच्या कामात फरक आढळला नाही.

दुसरी शंका दुर्मीळ, पण महत्त्वाची. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो, तिथला संदेश नीट न पोचण्याच्या आजाराला मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात. यात पापण्या खाली येतात, एकाच्या जागी दोन दिसतात, गिळताना त्रास होतो आणि दिवस सरेल तसा थकवा वाढतो. स्टॅटिनमुळे हा आजार क्वचित सुरू होऊ शकतो किंवा असलेला वाढू शकतो, अशी सूचना २०२३ साली युरोपीय औषध नियामकांनी दिली. हा आजार असलेल्यांनी स्टॅटिन सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना त्याची कल्पना दिलीच पाहिजे.

७. अपेक्षेने येणारा त्रास

एखाद्या गोळीने त्रास होतो असे आधीच मनावर ठसले, की शरीरातल्या बारीकसारीक जाणिवाही त्रास म्हणून नोंदल्या जातात. हा कल्पनेचा खेळ नव्हे. त्रास खरा असतो, फक्त त्याचा उगम औषधाच्या रसायनात नसतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली ६० व्यक्तींवर केलेली सॅमसन चाचणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. या सर्वांनी पूर्वी त्रासामुळे स्टॅटिन सोडले होते. त्यांना वर्षभर आलटून पालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली हुबेहूब तशीच गोळी आणि काही महिने काहीच न देता त्रासाची रोज नोंद करायला सांगितले. शंभरपैकी सरासरी गुण असे आले: काहीही न घेताना ८, औषध नसलेली गोळी घेताना १५.४ आणि स्टॅटिन घेताना १६.३. म्हणजे वाढलेल्या त्रासाचा दहांपैकी नऊ भाग गोळी घेतो आहोत या भावनेचा होता. हे कळल्यावर निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केले.

८. त्रास झाला तर क्रम कोणता?

आधी लक्षणांची नोंद ठेवावी: मुंग्या कधी सुरू झाल्या, गोळी सुरू होण्यापूर्वी होत्या का, एका बाजूला की दोन्हीकडे, रात्री वाढतात का. सोबत सर्व औषधांची यादी असावी. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके आणि बुरशीवरची काही औषधे विशिष्ट स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतात, म्हणून यादीत तात्पुरती औषधेही लिहावीत.

मग तपासण्या: साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, ब-१२, थायरॉइड, मूत्रपिंडाचे काम आणि स्नायू दुखत असतील तर सीके. पायाला नायलॉनचा बारीक दोरा टेकवून आणि कंप पावणारा चिमटा हाडावर ठेवून जाणीव पाहता येते. ही तपासणी काही मिनिटांत होते. नसांच्या वेगाची विद्युत तपासणी लागल्यास करावी. पण ती फक्त जाड तंतूंचा दोष दाखवते. तळपायाची आग बारीक तंतूंमुळे असेल, तर हा अहवाल निर्दोष येऊ शकतो.

दुसरे कारण सापडले नाही आणि संशय उरला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी काही काळ थांबवून पाहता येते. इथे धीर लागतो. स्नायूंचा त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. मज्जातंतूंचे तसे नाही. इजा झालेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. महिन्याला तीन सेंटिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे ४० सेंटिमीटर अंतर भरून यायला वर्षाहून अधिक काळ लागेल. म्हणून दोन दिवसांत आराम पडला, तर तो नस भरून आल्यामुळे नसतो आणि दोन आठवड्यांत पडला नाही, म्हणून औषध निर्दोष ठरत नाही. किती काळ थांबायचे, हे हृदयाचा धोका पाहून ठरते. झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णाने गोळी परस्पर कधीच थांबवू नये.

अचानक एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. स्नायूंच्या तीव्र वेदनेबरोबर लघवी चहासारखी गडद होणे हे स्नायू मोठ्या प्रमाणावर खराब होत असल्याचे लक्षण. गिळताना किंवा श्वास घेताना अडचण येणे हेही गंभीर. यांपैकी काहीही झाले, तर लगेच रुग्णालयात जावे.

९. पर्याय कोणते?

स्टॅटिन सोसत नसेल, तर मात्रा कमी करणे, एका स्टॅटिनऐवजी दुसरे देणे किंवा दीर्घकाळ टिकणारे औषध दिवसाआड घेणे हे मार्ग आहेत. इझेटिमाइब आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करते आणि स्टॅटिनच्या अल्प मात्रेला चांगली जोड देते. बेम्पेडोइक आम्ल कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या त्याच साखळीत वरच्या टप्प्यावर काम करते, पण ते यकृतात गेल्यावरच क्रियाशील होते. स्नायूंत त्याला जागे करणारे विकर नसते. स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास १४,००० रुग्णांवरील २०२३ सालच्या चाचणीत त्याने हृदयाचे गंभीर प्रसंग १३ टक्क्यांनी कमी केले. रक्तातील यूरिक आम्ल मात्र त्याने वाढते, म्हणून गाठींच्या संधिवाताच्या रुग्णांनी जपावे. इव्होलोक्युमॅबसारखी त्वचेखाली टोचायची औषधे एलडीएल खूप खाली आणतात, पण महाग आहेत. नायसिन हे कोलेस्टेरॉलसाठी दिले जाणारे औषध घेतल्यावर चेहरा लाल होऊन अंगाला झिणझिण्या येतात, पण तो त्वचेतील रक्तवाहिन्या पसरण्याचा परिणाम असतो, मज्जातंतूंच्या इजेचा नव्हे. कोएन्झाइम क्यू-१० च्या गोळ्यांनी स्टॅटिनचा त्रास टळतो, असे चाचण्यांतून खात्रीने दिसलेले नाही.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याची शंका असेल, तर तो कळवण्याची सोय भारतात आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगातर्फे औषध दक्षता कार्यक्रम चालतो. रुग्णही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंद करू शकतात. दुर्मीळ दुष्परिणाम एकेका डॉक्टरला दिसत नाहीत. हजारो नोंदी एकत्र आल्या तरच ते उघड होतात.

पायांतल्या मुंग्या सोसत बसणे जेवढे चुकीचे, तेवढेच त्यांच्या भीतीने हृदयाचे संरक्षण सोडून देणे चुकीचे. गोळी थांबवण्याचा निर्णय तपासणीनंतर आणि डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा; आणि मुंग्या येत असलेल्या प्रत्येकाने, गोळी असो वा नसो, साखर, ब-१२ आणि थायरॉइड एकदा तपासून घ्यावे.